नाणेघाटातला २४,४०० : शून्य नसताना लिहिलेला आकडा

जुन्नर : पावसाळ्यात घाटघरकडे गाड्यांची रांग लागते, नाणेघाटात रांजणापाशी फोटो निघतात. पण तिथल्या लेण्याच्या भिंतीवरच्या आकड्यांकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. सातवाहन राणी नागनिकेच्या या ब्राह्मी शिलालेखात यज्ञात दिलेल्या दानाची यादी कोरलेली आहे. गायी, घोडे, हत्ती आणि रोख. रोखीतला एक आकडा आहे २४,४०० कार्षापणांचा. कार्षापण म्हणजे त्या काळचं नाणं.

आपण हा आकडा लिहिताना शेवटी दोन शून्यं देतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरणाऱ्याकडे शून्याची खूणच नव्हती. त्याने तीनच खुणा कोरल्या : वीस हजार, चार हजार, चारशे. हजाराच्या खुणेला विसाची खूण जोडली की वीस हजार, चाराची जोडली की चार हजार. शंभराला चार जोडले की चारशे. वाचणाऱ्याने तिन्हींची बेरीज करायची. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८७०च्या दशकात या आकड्यांचा उलगडा करून दाखवला.

फरक काय पडतो? मंचरच्या बाजारात कांद्याच्या पट्टीवर २४,४०० मधलं एक शून्य राहिलं, तर थेट २,४४० होतात. शेतकरी जागेवर बसला! नाणेघाटात चारशेची खूण झिजली तर २४,००० उरतात, तोटा चारशेचाच. पण चार हजारातला जोडलेला चार पुसला गेला, तर नुसता हजार राहतो आणि वाचन होतं २१,४००. हा आकडाही खराच वाटतो, चूक कळायची नाही. लेखाचा बराच भाग आधीच फुटला-झिजलाय, म्हणून भिंतीला हात लावणं, खडूने अक्षरं गिरवणं टाळलेलं बरं.

२४,४०० वाटायलाही सोपा. ४००ला ६१ने गुणलं की तो येतो. नि:शेष भाग जाणाऱ्या संख्या तब्बल ३०, मात्र अंकांची बेरीज १० असल्याने तिनाने भाग जात नाही. मोठ्या सोमयज्ञात सोळा ऋत्विज असतात. दक्षिणेचे शंभर भाग करून चौघांना प्रत्येकी १२, पुढच्या चौघांना ६, मग ४, मग ३, अशी जुनी वाटणी. २४,४०० चा एक भाग येतो २४४ चा. म्हणजे मुख्य चौघांना प्रत्येकी २,९२८, शेवटच्या चौघांना ७३२, आणि एक नाणंही शिल्लक नाही. अर्थात प्रत्यक्षात अशीच वाटणी झाली, असं लेखात लिहिलेलं नाही.

त्याला लागूनच प्रेक्षक-सेवकांना दिलेली रक्कम आहे : ६,००१. आहेराच्या पाकिटातल्या रुपयासारखाच हा वरचा एक. कोरायला दोनच खुणा लागल्या, सहा हजार आणि एक. वाटायला मात्र अवघड. बरोबर सारखे वाटे पाडायचे तर घेणारे १७ हवेत, नाहीतर ३५३. नाहीतर प्रत्येकाला एकेक नाणं, म्हणजे माणसंच ६,००१ लागणार.