चरबीच्या अंगातलं अल्कोहोल

बसायच्या आधी पोटात काहीतरी तेलकट टाकावं, म्हणजे लिव्हर शाबूत राहतं, असं छातीठोकपणे सांगणारे गावोगाव भेटतात. त्यांचं निम्मं खरं आहे. भरल्या पोटी जठरातून अन्न पुढे सरकायला वेळ लागतो, म्हणून दारू रक्तात सावकाश उतरते. पण तिचा निचरा शेवटी यकृतालाच करावा लागतो, आणि तिथे तेल तिच्या विरोधात नसतं, तिच्याच बाजूला असतं.

हे नातं रक्ताचं आहे. कार्ल शेले या स्वीडनमधल्या औषधविक्रेत्याने ऑलिव्हचं तेल शिशाच्या ऑक्साइडबरोबर तापवलं, तेव्हा त्याच्या हाती एक दाट, गोड द्रव लागला. १७८३ मध्ये त्याने तो प्रसिद्ध केला. पुढे मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याला ग्लिसरीन म्हटलं आणि १८२३ च्या ग्रंथात चरबीची घडण मांडली: ग्लिसरीन आणि मेदाम्लं. हे ग्लिसरीन जातीने अल्कोहोलच. दारूतल्या इथेनॉलला हायड्रॉक्सिलचा एक हात, याला तीन. तिन्ही हातांनी एकेक मेदाम्ल धरलं की झालं ट्रायग्लिसराइड. कढईतलं तेल तेच आणि पोटावरचा टायरही तोच. साबण करताना कॉस्टिक सोडा हीच पकड सोडवतो. कोलेस्टेरॉलही अल्कोहोलच्याच कुळातलं. मार्सेलँ बर्थेलोने ते १८५९ मध्ये दाखवून दिलं.

आता यकृतात काय होतं ते पाहू. इथेनॉलचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, मग ॲसिटेट. दोन्ही टप्प्यांवर निघालेला हायड्रोजन एनएडी नावाचा रेणू उचलतो आणि त्याचा एनएडीएच होतो. मेदाम्लं जाळायलाही मोकळा एनएडीच लागतो. तो दारूच्या कामाला जुंपला गेला की मेदाम्लं न जळता साचतात. शिवाय एनएडीएच वाढल्यामुळे साखरेच्या विघटनातला एक तुकडा ग्लिसरॉल-फॉस्फेटकडे वळतो. म्हणजे शेलेचा गोड द्रव फॉस्फेट लेवून हजर! कच्चा माल असा दोन्हीकडून जमल्यावर पेशींत चरबीचे थेंब दिसू लागतात. यालाच फॅटी लिव्हर म्हणतात.

पूर्वी डॉक्टरही दोष कुपोषणाला देत: दारुडा जेवत नाही, म्हणून यकृत बिघडतं. न्यूयॉर्कच्या चार्ल्स लीबर यांनी १९७० च्या दशकात बबून माकडांना सकस आहारासोबत अल्कोहोल दिलं. तरीही त्यांची यकृतं चरबीने भरली, काहींना तर सिरोसिस झाला. चखण्याचा बचाव तिथेच संपायला हवा होता.

सुरुवातीच्या अवस्थेतली चरबी दारू सोडल्यावर काही आठवड्यांत ओसरू शकते. पेशींच्या आवरणात मात्र एक पुरावा थोडे दिवस उरतो. तिथल्या फॉस्फोलिपिडांवर काम करणारं एक एन्झाइम एरवी पाण्याचा रेणू वापरतं. दारू समोर आली की पाण्याच्या जागी इथेनॉल जोडून टाकतं. त्यातून बनणारं फॉस्फॅटिडिल इथेनॉल तांबड्या पेशींना झटपट मोडता येत नाही. रक्तातली दारू काही तासांत जाते, नियमित पिणाऱ्याच्या रक्तात हे संयुग मात्र दोन ते चार आठवडे सापडतं. यकृत प्रत्यारोपणाआधी रुग्णाने दारू खरंच सोडली आहे का, हे तपासायला परदेशातली अनेक केंद्रं त्याच्या शब्दाबरोबर ही रक्तचाचणीही मागतात.