दुधाच्या थेंबातले नॅनोकण

अंगावरच्या दुधात नॅनोकण उतरतील का, ही काळजी करणाऱ्या आईला आधी एक नवल सांगायला हवं. तिचं दूध मुळातच नॅनोकणांनी भरलेलं आहे! केसीन या प्रथिनाचे हे गोळे सरासरी 100 नॅनोमीटरहूनही लहान. आपला एक केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड. बाळाच्या हाडांना हवं असलेलं कॅल्शियम फॉस्फेट पाण्यात जेमतेम विरघळतं. ते मोकळं राहिलं असतं, तर दूधवाहिन्यांत खडेच धरले असते. केसीन त्याचे कण पोटात धरून ठेवतं आणि बाळ ते घटाघट पितं.

पण बाहेरून आलेले कण? रक्त आणि दूध यांच्यामध्ये दूध तयार करणाऱ्या पेशींची तटबंदी असते. चीक येतो त्या पहिल्या दिवसांत पेशींमध्ये फटी असतात. दूध भरून येताना त्या मिटतात. मग पलीकडे जायचं तर बहुतेक मोठ्या रेणूंना पेशीच्या आतूनच वाट काढावी लागते.

कोविडच्या एमआरएनए लशींनी या तटबंदीची परीक्षाच घेतली. लशीतला एमआरएनए, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायला सांगणारा निरोप, सुमारे 100 नॅनोमीटरच्या स्निग्ध कणांत गुंडाळलेला होता. अमेरिकेत 2022 मध्ये 11 मातांचं दूध तपासलं, तेव्हा 5 जणींच्या काही नमुन्यांत त्याचा माग लागला. किती? मिलिलिटरमागे जास्तीत जास्त 17 पिकोग्रॅमच्या आसपास. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग! 48 तासांनंतर तोही सापडला नाही. पुढच्या वर्षीच्या तपासणीत दुधातल्या या एमआरएनएचे तुकडे झालेले दिसले. प्रयोगशाळेतल्या पेशींत त्यांनी प्रथिन बनवलं नाही. पण लशीमुळे आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं? ती दुधात भरपूर आली. आयजीए प्रतिपिंडांना तर पेशी रक्ताच्या बाजूने स्वतः धरून आणतात आणि दुधात सोडतात. केवढी ही निवड!

म्हणून सगळेच नॅनोकण निर्धोक मानायचे का? मुळीच नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत चांदीचे नॅनोकण दुधात उतरलेले आढळले आहेत, आणि चांदी एमआरएनएसारखी विरून जात नाही. कण कशाचा आणि शरीरात कुठून शिरला, हे प्रत्येक वेळी विचारावंच लागतं. सनस्क्रीनमधले झिंक ऑक्साइडचे कण निरोगी त्वचेच्या वरच्या मृत थरातच अडकतात, रक्तापर्यंत फारसे पोचत नाहीत. तेच क्रीम छातीवर लावलं असेल, तर मात्र त्यांना तटबंदी ओलांडायची गरजच नाही. बाळ ते थेट चाटेल. पाजण्याआधी तेवढं पुसून घ्यावं.