आमच्या चुलीचा पंखा

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी कथा, कविता किंवा सहलीचे वर्णन द्यावे, अशी आपल्याकडे रीत आहे. मला त्यांतले काही साधत नाही. म्हणून मी चुलीवर लिहिते आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील मोंढ्यात हमाली करतात आणि आई घरीच खानावळ चालवते. रोज बावीस डबे जातात. त्यांतले निम्मे आपल्याच वसतिगृहावर येतात. तेव्हा आमची चूल बिघडली, की तिची झळ या अंकाच्या काही वाचकांच्या थेट पोटाला बसते!

ही चूल नेहमीची नव्हे. लाकडाचा भुसा, सोयाबीनचे काड, भुईमुगाची टरफले असला शेतातला नि गिरणीतला टाकाऊ माल यंत्रात दाबून पेन्सिलीएवढ्या जाड कांड्या करतात. त्यांना पेलेट म्हणतात. चुलीच्या आतल्या भांड्यात या कांड्या भरायच्या आणि खालून नव्हे, तर वरून पेटवायच्या. अमेरिकेतील डॉ. थॉमस रीड यांनी १९८५ च्या सुमारास अशा वरून पेटणाऱ्या चुलीवर काम सुरू केले. पुढे आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही पंख्याच्या चुलीवर संशोधन झाले.

या चुलीचा सगळा जीव एका वीतभरही नसलेल्या पंख्यात असतो. तो बारा व्होल्टवर चालतो आणि दोन वाटांनी वारा देतो. पहिला वारा भांड्याच्या तळच्या जाळीतून कांड्यांमध्ये शिरतो. तो थोडाच असतो. त्याने कांड्या भडकत नाहीत. तापतात आणि त्यांतून जळणारा वायू सुटतो. दुसरा वारा भांड्याच्या काठाजवळच्या भोकांतून येतो आणि तो वायू तिथे पेटवतो. आपल्याला दिसते ती ज्वाला या वायूची असते. दुसरा वारा कमी पडला, की वायू न जळताच वर येतो. त्यालाच आपण धूर म्हणतो. आजी फुंकणीने जे मधून मधून करीत असे, तेच हा पंखा न थकता करतो.

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी सकाळी दहा वाजता पंख्याचा आवाज बसला. ज्वाला लालपिवळी झाली आणि खोली धुराने भरली. आई म्हणाली, "कालेजात जातीस ना? मग बघ की काय झालंय त्याला." आता मराठी, इतिहास आणि तर्कशास्त्र हे माझे विषय. त्यांत पंखा कुठे आला? पण "मला येत नाही" म्हणण्याची हिंमत झाली नाही. आईने अंगणात तीन दगड मांडले, ओल्या लाकडांवर भाकरी केल्या आणि दिवसभर खोकत राहिली. डबे दीड वाजता गेले. महिनाअखेरीस दोघांनी खानावळ बदलली.

दुसऱ्या दिवशी मी ३८० रुपयांचा नवा पंखा आणून बसवला. तोही तसाच रेंगाळत फिरू लागला! आईने काही म्हटले नाही, पण तिने पदराला हात पुसले ते मला अजून आठवते. शेवटी गल्लीतल्या मोटारी वायंडिंग करणाऱ्या मामांना बोलावले. ते म्हणाले, "पोरी, पंखा फिरंना म्हणून पंखाच मेला कशावरून? आधी त्याला खायला मिळतंय का बघ की."

पंख्याला वीज देणारा अडॅप्टर त्यांनी मीटरवर तपासला. काटा बारावर गेला. मला वाटले, हा तर ठीक आहे. पण मामांनी त्याला पंखा जोडला आणि पंखा चालू असताना पुन्हा मोजले. काटा सहावर आला! मामा हसले. "नुसता उभा ऱ्हायल्यावर पैलवान कळत न्हाई, कुस्ती लावल्यावर कळतो." अडॅप्टर आम्ही चुलीच्या वरच खिळ्याला टांगला होता. वर्षभर ऊब आणि वाफ खाऊन तो आतून निकामी झाला होता.

दोनशे रुपयांचा नवा अडॅप्टर आला. पंखा जोरात फिरू लागला, पण ज्वाला पिवळीच. मग मामांनी थंड चुलीशी उदबत्ती धरली. पंख्याच्या तोंडाशी धूर झपकन आत ओढला जात होता. काठाच्या भोकांशी मात्र तो जरा हलला, एवढेच. म्हणजे वारा आत जात होता आणि मध्येच अडत होता. भांडे काढून पाहिले, तर जाळीची आणि काठाचीही निम्मी भोके बुजलेली. कांड्यांचे पोते गळक्या पत्र्याखाली होते. ओल लागली, की कांडी फुगून तिचा पुन्हा भुसा होतो. तो भुसा आणि राख मिळून भोकांत बसली होती. तारेने भोके मोकळी केली आणि ज्वाला पूर्वीसारखी झाली. सहज म्हणून जुना पंखा नव्या अडॅप्टरवर लावला. तोही भुर्रकन फिरला! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

त्याच आठवड्यात वर्गात जॉन स्टुअर्ट मिलची व्यतिरेक पद्धती शिकवली गेली. मिलचा तर्कशास्त्रावरील ग्रंथ १८४३ चा. बाकी सगळी परिस्थिती तीच ठेवून एकच गोष्ट बदला. परिणाम बदलला तर कारण त्या गोष्टीत आहे, असे ही पद्धती सांगते. मी पंखा बदलला आणि परिणाम तोच राहिला, तेव्हाच पंखा निर्दोष ठरला होता. मला ते कळायला ३८० रुपये पडले. मामांनी मिल वाचलेला नाही, पण ते एका वेळी एकच गोष्ट बदलत होते. शिवाय एक दोष सापडला म्हणजे दुसरा नसतोच असे नाही, हेही त्यांच्याकडूनच शिकले.

कुणाच्या घरी अशी चूल असेल, तर हा क्रम ध्यानात ठेवावा. चूल पूर्ण थंड करून आणि प्लग काढूनच ती उघडावी.

(१) पंखा मुळीच फिरत नसेल, तर तोच बोर्ड मोबाईलच्या चार्जरने तपासावा. मग तारा, बटण आणि शेवटी अडॅप्टर पाहावा. बारा व्होल्टच्या चांगल्या बॅटरीला लाल तार धनाला, काळी ऋणाला जोडून पंखा फिरला, तर तो निर्दोष समजावा.

(२) पंखा रेंगाळत असेल, तर पंखा चालू ठेवून व्होल्ट मोजावेत. ते ठीक असतील, तर पात्यांवरची काजळी कोरड्या ब्रशने काढावी.

(३) पंखा फिरूनही ज्वाला पिवळी असेल, तर भोके आणि कांड्यांची ओल पाहावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चूल पेटलेली असताना पंखा थांबला तर आधी दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांनी बाहेर यावे आणि निखारे विझेपर्यंत आत बसू नये. पाणी ओतू नये, नवे जळणही घालू नये. न जळलेल्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. धूर डोळ्यांना झोंबून इशारा तरी देतो. हा तेवढाही देत नाही. त्या दिवशी मी धुरातच बसून पंखा खोलत होते, हे आठवले की आज अंगावर काटा येतो.

असो. आता अडॅप्टर चुलीपासून दूर भिंतीवर आहे, पोते फळीवर आहे आणि जुना पंखा फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवला आहे. दर रविवारी जाळी साफ करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. डबे पुन्हा बारा वाजता जातात. गेलेल्या दोघांपैकी एक परत आला. दुसऱ्याने हा लेख वाचला, तर तोही येईल अशी आशा आहे.