दोन दिवसांची सहल आणि भरतीचे घड्याळ

शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत दुकान, शनिवारी पहाटे पाचला गाडी, रविवारी रात्री परत आणि सोमवारी सकाळी पुन्हा शटर वर. उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मधून समुद्रावर जाणाऱ्या बहुतेक सहली याच मापाच्या असतात. सात-आठ जणांची गाडी, त्यात गुडघेदुखीची आजी, मधुमेहाच्या गोळ्या घेणारे काका, दोन-तीन मुले आणि मागच्या सीटवर कोंबलेल्या पिशव्या. ठिकाण अलिबागच्या पुढे काशीद किंवा मुरूड. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण शिळफाटा, पनवेल आणि वडखळ पार करता करता दुपार होते. खोली कुठली, सुरमई की पापलेट, जंजिऱ्याच्या होडीला किती वाजता जायचे, हे सगळे पंधरा दिवस आधी ठरलेले असते. समुद्राचे पाणी त्या दिवशी किती वाजता चढणार आणि कधी उतरणार, हे मात्र कोणीच पाहिलेले नसते.

आठवडाभर मुक्काम असलेला माणूस एखादी दुपार सोडून देऊ शकतो. दोन दिवसांच्या पाहुण्याला ते जमत नाही. पोचल्यावर जेवण, जेवणावर अर्धा तास पडणे आणि मग जी वेळ हाती येईल ती समुद्राची. छोट्या सहलीतला खरा धोका या घाईत आहे.

किनाऱ्यावरच्या कोळी माणसाकडे यासाठी एक साधा हिशेब असतो. पंचांगातल्या तिथीला पाऊणने गुणायचे, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासून पुन्हा सुरू होते. चंद्राच्या चालीमुळे भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, त्याचेच हे तोंडी गणित आहे. तासाभराची चूक त्यात धरावीच लागते. नेमकी वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीची छापील किंवा मोबाइलवरची वेळापत्रके आहेत. पण तिथी घरातल्या भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेत असते आणि खोली नोंदवताना ती पाहायला अर्धे मिनिटही लागत नाही.

समजा शनिवारी एकादशी आहे. अकराची पाऊणपट सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला भरती, म्हणजे दुपारी अडीचच्या सुमारास पूर्ण ओहोटी. कॅम्प नं. ३ ची गाडी एक वाजता पोचली, दोनपर्यंत जेवणे झाली आणि मंडळी किनाऱ्यावर आली, तेव्हा समोर लांबच लांब ओली, सपाट वाळू पसरलेली आहे. पाणी खूप आत गेले आहे. मुले पाण्याच्या मागे मागे चालत जातात, मोठी माणसे मुलांच्या मागे. पाणी घोट्याएवढेच असते, म्हणून आणखी पुढे. याच सुमारास समुद्र वळतो.

वळल्यानंतर तो एकसारख्या गतीने चढत नाही. भरतीच्या सहा तासांत एकूण वाढीचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन, मग पुन्हा दोन आणि एक, असा तो भरतो. पहिला तास संपला तरी फारसे काही बदललेले दिसत नाही आणि तिथेच माणूस फसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला रायगडच्या किनाऱ्यावर ओहोटी आणि भरतीच्या पातळीत तीन-चार मीटरचा फरक पडू शकतो. म्हणजे तिसऱ्या एका तासात पाणी पाऊण ते एक मीटर वर येते. आठ वर्षांच्या मुलाची छाती गाठायला एवढे पुरेसे आहे. शिवाय वाळू वरवर सपाट वाटली तरी तिच्यात खोलगट पट्टे असतात. पाणी समोरून येण्याआधी त्या पट्ट्यांमधून पाठीमागे शिरते आणि परत फिरताना जिथे येताना कोरडे होते तिथे कमरेएवढे लागते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत गेलेले पर्यटक अडकतात ते याच कारणाने. वाळूत गाडी नेणाऱ्यांच्या गाड्याही अशाच अडकतात, पण गाडीचे काय, ती ट्रॅक्टरने निघते.

समुद्राची भीती पावसाळ्यापुरतीच असते, असा एक समज आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ज्या दिवसांत कोळी स्वतः होडी घालत नाही त्या दिवसांत पर्यटकाने पाण्यात उतरू नये, हे सांगावेही लागू नये. पण मुरूडची सर्वात दुःखद घटना पावसाळ्यातली नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेल्या महाविद्यालयीन गटातले १४ विद्यार्थी तिथे बुडाले. आकाश निरभ्र, थंडीचे दिवस आणि अमावास्येला अजून आठवडा होता. उधाण नव्हते, वादळ नव्हते. दुपारची वेळ होती आणि तरुण मुलांचा मोठा गट पाण्यात उतरला होता.

वाळूच्या किनाऱ्यावर शांत हवेतही माणूस आत ओढला जातो, त्यामागे एक ठरलेली क्रिया असते. लाटा किनाऱ्याकडे पाणी आणून टाकत राहतात आणि ते पाणी कुठून तरी परत जावेच लागते. पाण्याखालच्या वाळूच्या बांधात जिथे खिंड असेल तिथून ते अरुंद, वेगवान प्रवाहाने समुद्राकडे परतते. या खिंडीवर पाणी खोल असल्यामुळे लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये काळसर, गुळगुळीत, शांत दिसणारा पट्टा. पोहता न येणारा माणूस साहजिकच फेसाळ पाणी टाळून त्या शांत जागी उतरतो. ती जागा सर्वात वाईट असते. बऱ्याच किनाऱ्यांवर ओहोटीच्या आसपास हा प्रवाह अधिक जोरदार होतो. जोर असेल तेव्हा त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो आणि त्याच्याविरुद्ध पोहणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जमत नाही. कधी कधी हजारो किलोमीटर दूर, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने उठलेल्या लांब लाटा इथे वारा नसतानाही किनाऱ्यावर येऊन आदळतात. उंच लाटांचे इशारे हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था देते. निघण्याच्या आदल्या दिवशी ते पाहता येतात.

बदलापूरला उल्हास नदीत किंवा कोंडेश्वरच्या कुंडात हातपाय मारायला शिकलेल्या मुलांना आपल्याला पोहता येते असे वाटते. नदी एका दिशेला जाते आणि तिचा दुसरा काठ दिसतो. समुद्रात ओढ लागली की मूल घाबरून सरळ किनाऱ्याकडे पोहू लागते आणि दोन-तीन मिनिटांत दमते. हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेतो. म्हणून त्याच्याशी झगडू नये. पाठीवर तरंगावे, हात वर करून मदत मागावी आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाच्या बाहेर पडावे. काठावरच्यांनी मागोमाग उडी घेऊ नये. एकाला वाचवायला गेलेले दोघेतिघे बुडाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. दोरी, रिकामा कॅन, टायरची ट्यूब, बर्फाचा थर्माकोलचा डबा, जे तरंगते ते फेकावे आणि जीवरक्षकाला किंवा होडीवाल्याला हाक मारावी. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे, रुग्णवाहिकेचा १०८.

चित्रपटात बुडणारा माणूस ओरडतो. प्रत्यक्षात तो गप्प असतो. तोंड पाण्याच्या वर येते तेवढ्या क्षणात श्वास घ्यायचा की आवाज काढायचा, यात शरीर श्वास निवडते. हात बाजूला पसरून पाणी दाबत असतात, त्यामुळे ते हलवून खूण करता येत नाही. लांबून पाहणाऱ्याला मूल पाण्यात उभे राहून खेळते आहे असेच वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. मुले पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने फक्त मुलांकडेच पाहावे, हातात मोबाइल न घेता, आणि पंधरा-वीस मिनिटांनी पाळी बदलावी. त्या माणसाने दारू घेतलेली नसावी. खरे तर पाण्यात उतरणाऱ्या कोणीच घेतलेली नसावी, पण निदान त्याने तरी.

पाण्यातून काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला पालथे घालून पोट दाबणे, पाय धरून उलटे टांगणे, खांद्यावर घेऊन गरगर फिरवणे हे प्रकार अजून चालतात. त्यातून पोटातले पाणी आणि अन्न वर येते, ते फुप्फुसात जाते आणि मोलाची मिनिटे वाया जातात. बुडण्यात हृदय थांबते ते प्राणवायू न मिळाल्याने. त्यामुळे इथे आधी तोंडाने श्वास द्यायचा. उताणे झोपवून, हनुवटी वर करून, नाक दाबून दोन ते पाच श्वास द्यावेत. मग छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने ३० दाब, पुन्हा दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. तोंडाला फेस आला तरी तो पुसत बसू नये. हे वाचून येत नाही, एकदा पुतळ्यावर करून पाहावे लागते.

बाकीच्या तयारीत मधुमेह पहिला. इन्सुलिन घरी पहाटे घेतले आणि नाश्ता पेणला साडेनऊला, हा साखर घसरण्याचा हमखास मार्ग आहे. त्या दिवशी इंजेक्शन आणि नाश्ता एकाच वेळी असावेत. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. पायांची संवेदना कमी झालेल्यांनी तापलेल्या वाळूत आणि कालवे चिकटलेल्या खडकांवर अनवाणी चालू नये. फोड येतो तेव्हा कळत नाही आणि महिन्याभराने जखम घेऊन दवाखान्यात यावे लागते. फिट येणाऱ्यांनी गोळ्या चालू असल्या तरी पाण्यात उतरू नये. पाकट लागले तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा आणि लगेच डॉक्टरला दाखवावा.

एकादशीच्या त्या शनिवारी मग काय करायचे? दुपारी जंजिरा पाहावा, किंवा सरळ झोपावे. रविवारी द्वादशी, भरती नऊच्या सुमारास. सकाळी पाणी किनाऱ्याशी आलेले असते, त्याच्यामागे आत जावे लागत नाही. जीवरक्षक हजर असेल आणि लाटा बेताच्या असतील तर गुडघाभर पाण्यात तास-दीड तास घालवावा. पाणी उतरू लागले की बाहेर यावे.

आणि परतीच्या वाटेवर मुलांकडे एकदा नीट पाहावे. सकाळी लाटेखाली जाऊन नाकातोंडात पाणी गेलेले मूल नंतर हसतखेळत असते. पण वडखळच्या कोंडीत ते सारखे खोकत असेल, धाप लागली असेल, उलट्या होत असतील किंवा अवेळी सुस्त होऊन झोपत असेल, तर ते दमल्यामुळे आहे असे समजून घरापर्यंत थांबू नये. फुप्फुसाची सूज काही तासांनी वाढते आणि अशा मुलाला सहा-आठ तास देखरेखीखाली ठेवावे लागते. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे, पेणला आणि पनवेलला उपजिल्हा रुग्णालय. उल्हासनगर तिथून अजून दोन-तीन तास लांब असते.