लोहगावचा गड

लोहगडवाडीतून लोहगड चढताना नारायण दरवाज्यापाशी एक भुयार लागते. गडावरच्या शिबंदीसाठी भात आणि नाचणी तिथे साठवून ठेवत. येणाऱ्या बहुतेकांना विंचूकाटा माची गाठायची घाई असते, त्यामुळे तिथे फारसे कुणी थांबत नाही. पण वेढा पडल्यावर गड किती दिवस झुंजणार, याचे उत्तर त्या नाचणीच्या साठ्यात असायचे. शिवाजी महाराजांच्या सुरतेवरील पहिल्या स्वारीतली संपत्ती लोहगडावर आणून ठेवली होती, त्यामागेही विचार होता. गड किनाऱ्यापासून आत, सह्याद्रीच्या माथ्यावर आहे आणि बोरघाटाकडून येणाऱ्या वाटेवर त्याची नजर आहे. शत्रूच्या सहज हाती लागणार नाही आणि वेळ आली तर आपल्याला झटकन बाहेर पडता येईल, अशी ही जागा.

याच गडापासून पूर्वेला, सरळ रेषेत सुमारे पन्नास किलोमीटरवर, पुण्यातल्या लोहगावला भारतीय हवाई दलाचा तळ आहे, आणि त्याची जागाही अशाच विचाराने निवडलेली. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानाला हे अंतर कापायला साडेतीन मिनिटेही लागत नाहीत. वारकऱ्यांना लोहगाव माहीत आहे ते तुकोबांचे आजोळ म्हणून. पुणेकर ते विमानतळामुळे ओळखतात. मात्र आपण दिल्लीची विमाने पकडतो त्या धावपट्टीची मालकी हवाई दलाची आहे आणि प्रवासी टर्मिनल हा त्या लष्करी तळाला जोडलेला एक भाग आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी इथली प्रवासी वाहतूक दोन आठवडे बंद राहिली, तेव्हा अनेकांना याची पहिल्यांदा जाणीव झाली.

तळाची सुरुवात १९३९ सालची. मुंबईचे हवाई संरक्षण करायचे तर विमाने मुंबईतच ठेवण्यापेक्षा घाटमाथ्यामागे ठेवलेली बरी, असा ब्रिटिशांचा हिशेब होता. १९४७ मध्ये तळ भारतीय हवाई दलाकडे आला आणि २ क्रमांकाच्या विंगचे घर झाला. स्पिटफायर, व्हॅम्पायर, कॅनबेरा अशी कितीतरी विमाने इथून उडाली. १९८७ मध्ये मिग-२९ आले. १९९७ मध्ये पहिली सुखोई-३० विमाने २४ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये दाखल झाली, ती इथेच. २७ सप्टेंबर २००२ रोजी सुखोई-३० एमकेआय हे खास भारतासाठी घडवलेले रूप संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्या उपस्थितीत २० क्रमांकाच्या ‘लाइटनिंग्ज’ स्क्वॉड्रनला मिळाले. पुढे ३० क्रमांकाची ‘ऱ्हायनोज’ स्क्वॉड्रनही याच विमानावर आली.

सीमेपासून इतक्या दूर लढाऊ विमाने ठेवून काय साधते, हा प्रश्न रास्त आहे. सुखोई वाटेत इंधन न भरता सुमारे तीन हजार किलोमीटर जाऊ शकते आणि हवेतल्या हवेत इंधन भरले तर आणखी पुढे. म्हणजे तळ शत्रूच्या माऱ्यापासून आत राहतो आणि विमान हवे तिथे पोहोचते. शिवाय पश्चिमेला मुंबईची बंदरे, तेलशुद्धीकरण कारखाने आणि अरबी समुद्र आहे. त्यांच्यासाठी लोहगाव पुरेसे जवळ आहे.

आता तळाच्या आत जाऊ. शिवकाळात गडाचा कारभार एकाच्या हाती नसे. हवालदार, सबनीस, सरनोबत, कारखानीस अशी कामे वाटलेली असत. किल्ल्या एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, दाणागोटा आणि दारूगोळा तिसऱ्याकडे. लढाऊ विमानतळाची रचना पाहिली की मला हीच वाटणी आठवते. तळाचा प्रमुख बहुधा एअर कमोडोर हुद्द्याचा अधिकारी असतो. त्याच्या हाताखाली उड्डाण आणि लढाईचे काम पाहणारा एक, अभियांत्रिकीचा एक आणि प्रशासनाचा एक, असे तीन वरिष्ठ अधिकारी असतात. स्क्वॉड्रन या तळावर राहतात, पण त्यांची ओळख तळापेक्षा वेगळी असते. हुकूम आला की स्क्वॉड्रन आपली विमाने, माणसे आणि हत्यारे घेऊन दुसऱ्या तळावर जाते. लोहगावला अशा किती स्क्वॉड्रन आल्या-गेल्या. तळ मात्र जागचा हलत नाही, आणि येईल त्या स्क्वॉड्रनला उभे करणे हे त्याचे काम असते.

एका स्क्वॉड्रनमध्ये साधारण सोळा ते अठरा विमाने असतात. सुखोईत दोघे बसतात, पुढे वैमानिक आणि मागे शस्त्रप्रणाली सांभाळणारा अधिकारी. उड्डाणाचा दिवस हवामानाच्या ब्रीफिंगने सुरू होतो. हवामान विभाग, नियंत्रण मनोरा, रडार, अग्निशमन, रुग्णवाहिका आणि पक्षी हाकलणारे पथक या सगळ्यांची तयारी झाल्यावरच पहिले विमान हलते. धावपट्टीच्या टोकाजवळ काही विमाने शस्त्रांसह सज्ज ठेवण्याची पद्धत आहे. वैमानिक उड्डाणाच्या पोशाखात शेजारीच बसलेले असतात. घंटा वाजली की धावत जाऊन काही मिनिटांत आकाशात. याला स्क्रॅम्बल म्हणतात.

चित्रपटांत दिसते ते एवढेच. विमान उतरल्यावर काय होते ते कुणी दाखवत नाही, आणि माझ्या मते तळाची खरी परीक्षा तिथे असते. जड सुखोईचा वेग कमी करायला मागे ब्रेक पॅराशूट उघडते. ते गोळा करायचे, वाळवायचे, तपासायचे आणि पुन्हा घडी घालून भरायचे. पावसाळ्यातल्या पुण्यात हे काम किती कटकटीचे होत असेल! मग तंत्रज्ञ विमानाला गराडा घालतात. एअरफ्रेम, इंजिन, वीज, उपकरणे, रडार, शस्त्रे, प्रत्येकाची शाखा वेगळी आणि जबाबदारी वेगळी. सुखोईच्या टाक्यांत नऊ टनांहून अधिक इंधन मावते. ते भरायचे, ऑक्सिजन भरायचा, टायर पाहायचे, क्षेपणास्त्रे लावायची. प्रत्येक विमानाची एक वही असते, तिला ‘फॉर्म ७००’ म्हणतात. काय दुरुस्त केले, कोणी केले आणि कोणी तपासले, ते सह्यांसकट तिच्यात लिहायचे. वैमानिक ती वही वाचून स्वतःची सही करतो आणि मगच शिडी चढतो. एखाद्या कॉर्पोरलच्या सहीवर दोन माणसांचे प्राण आणि शेकडो कोटींचे विमान सोपवलेले असते. या विश्वासाबद्दल मला फार आदर वाटतो.

मोठे काम निघाले तर विमान तळावरच्या दुरुस्ती विभागात जाते, आणि संपूर्ण उघडायचे असेल तर नाशिकजवळ ओझरला. सुखोईची भारतातली जुळणी ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स कारखान्यात झाली आणि हवाई दलाचा ११ क्रमांकाचा बेस रिपेअर डेपोही तिथेच आहे. महाराष्ट्रातल्या या दोन गावांमध्ये सुखोईचे सासर-माहेर आहे म्हणा ना.

विमानासारखीच त्यात बसणाऱ्याचीही तयारी करावी लागते. ८ जून २००६ रोजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी आणि २५ नोव्हेंबर २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी लोहगावहूनच सुखोईतून उड्डाण केले. दोघांचेही वय तेव्हा चौऱ्याहत्तर. जी-सूट अंगावर नीट बसला का, मुखवट्यातून ऑक्सिजन येतो का, आसनाचे पट्टे आवळले का, हे पाहणारा सुरक्षा साहित्याचा वेगळा विभाग असतो. छायाचित्रांत दिसले ते राष्ट्रपती आणि वैमानिक. या विभागातले हात कुठल्याच छायाचित्रात नाहीत.

संकटात माणसाला विमानाबाहेर फेकणाऱ्या या आसनांचे महत्त्व पुणे जिल्ह्यातल्या गावांनी जवळून पाहिले आहे. १३ डिसेंबर २०११ रोजी वाडेबोल्हाईजवळ आणि १४ ऑक्टोबर २०१४ रोजी थेऊरजवळ सुखोई कोसळली. दोन्ही वेळा दोघेही अधिकारी आसनासह बाहेर फेकले गेले आणि वाचले.

तळाच्या भोवतीचे पुणे आता अगदी कुंपणाला भिडले आहे. धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटर लांब, आणि तिच्या दोन्ही अंगांना विमाननगर, धानोरी, लोहगाव, वाघोली वाढत चालले आहेत. इमारतीच्या उंचीवर बंधने आहेत, दारूगोळ्याच्या कोठारांभोवती बांधकामाला मनाई आहे. घर बांधू पाहणाऱ्याला हा जाच वाटतो हे समजण्यासारखे आहे, पण ही बंधने कागदी नाहीत. उघड्यावर पडलेल्या कचऱ्यावर आणि मटणाच्या टाकाऊ भागांवर घारी जमतात. उड्डाण घेणाऱ्या विमानाच्या इंजिनात घार गेली तर काय होईल ते सांगायला नको. साधा खडासुद्धा चालत नाही. तो आत ओढला जाऊ नये म्हणून जमिनीवर असताना सुखोईच्या हवा घेणाऱ्या तोंडांत जाळी वर येते, आणि तरीही माणसे धावपट्टी डोळ्यांखालून घालून एकेक खडा वेचतात.

धावपट्टीची किंमत लोहगावला चांगली कळते, कारण दुसऱ्याची धावपट्टी मोडण्याचे काम या तळाने केलेले आहे. गोवा मुक्तीच्या वेळी या भागातली हवाई मोहीम एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती. पुणे आणि बेळगावजवळचे सांबरे हे त्यांचे तळ. १८ डिसेंबर १९६१ रोजी सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर ६३ हजार पौंड बॉम्ब टाकले. नंतर आठ कॅनबेरांची दुसरी तुकडी गेली. टर्मिनल आणि इतर इमारतींना धक्का लावायचा नाही असा हुकूम होता, आणि तो पाळला गेला. विमानतळ उद्या आपलाच होणार होता.

तरीही त्या रात्री पोर्तुगीजांची दोन मोठी वाहतूक विमाने, अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना घेऊन, त्याच फुटक्या धावपट्टीवरून अंधारात निघून गेली. खड्डे चुकवून जेवढा तुकडा हाती आला तेवढा त्यांना पुरला. म्हणूनच प्रत्येक लढाऊ तळावर खडी, पत्रे, रोलर आणि झटपट घट्ट होणारे काँक्रीट तयार ठेवतात, आणि बॉम्बने पडलेला खड्डा भरून पट्टी पुन्हा चालू करायचा सराव तिथली माणसे शांततेच्या काळातही करत राहतात.