आधी साम्य, मग विरोध

शेक्सपिअरची परस्परविरोधी पात्रे विद्यार्थी रंगमंचावर उभी करताना कपडे आणि आवाज यांच्या पलीकडे काय शोधायचे?

१८८१ मध्ये लंडनच्या लायसियम थिएटरात ‘ऑथेल्लो’ लागले होते. हेन्री आयर्विंग इंग्लंडचा आघाडीचा नट, एडविन बूथ अमेरिकेचा. ऑथेल्लो आणि इयागो या दोन्ही भूमिका दोघांनी आलटून पालटून करायच्या, असे ठरले. एका खेळात ज्याने फसवायचे, त्यानेच दुसऱ्या खेळात फसवून घ्यायचे. पुढे १९५६ मध्ये ओल्ड विकच्या रंगमंचावर रिचर्ड बर्टन आणि जॉन नेव्हिल यांनी याच भूमिकांची अशीच अदलाबदल केली. त्याआधी १९३५ मध्ये जॉन गिलगुड आणि लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी रोमिओ आणि मर्क्युशिओ आळीपाळीने रंगवले होते.

प्रेक्षकांना याचे अप्रूप वाटणे साहजिक आहे. तालमीला बसणाऱ्या मुलांनी मात्र यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एकमेकांच्या विरुद्ध टोकाला उभी वाटणारी ही माणसे इतकी जवळची आहेत की एकच नट दोघांच्याही आत शिरू शकतो.

महाविद्यालयीन नाटकांत बहुतेकदा याच्या उलट घडते. संहिता हातात पडते, पहिले वाचन होते आणि लगेच वाटणी होते. इयागोला काळा पोशाख, घोगरा आवाज आणि तिरके हसू. ऑथेल्लोला रुंद छाती आणि भारदस्त चाल. पडदा उघडल्यापासून पाच मिनिटांत प्रेक्षकाला सगळे कळून चुकते आणि पुढे शोधायला काही उरत नाही. त्यातून आणखी एक नुकसान होते. या नाटकात ऑथेल्लो, त्याच्या हाताखालचा अधिकारी कॅसिओ, बायको डेस्डेमोना, सगळेच इयागोवर विश्वास ठेवतात. त्याच्या प्रामाणिकपणाचे गोडवे गातात. त्याचा दुष्टपणा शेवटच्या रांगेतूनही दिसत असेल, तर ही सगळी माणसे मूर्ख ठरतात. आणि मूर्खांची शोकांतिका होत नाही.

शेक्सपिअरने इतिहास का बदलला?

विरोध उभा करण्यासाठी शेक्सपिअर आधी दोन पात्रांना एका पातळीवर आणतो. ‘चौथा हेन्री’च्या पहिल्या भागात राजपुत्र हॅल दारूच्या गुत्त्यात दिवस घालवतो, तर हॉटस्पर रणांगण गाजवतो. दोघेही तरुण, त्यामुळे राजाला वाटते, हॉटस्पर माझा मुलगा असता तर! इतिहासात हॉटस्परचा जन्म १३६४ चा. तो हॅलपेक्षा वीसेक वर्षांनी मोठा होता, हॅलच्या बापापेक्षाही मोठा होता. शेक्सपिअरने त्याला हॅलच्या वयाचा केला. वय सारखे झाले आणि मगच तुलनेला धार आली.

‘मॅकबेथ’मध्येही तेच. ज्या होलिनशेडच्या बखरीतून ही कथा आली, तिच्यात बँको राजाच्या खुनात सामील आहे. शेक्सपिअरने त्याला त्यातून बाहेर काढले. त्या वेळी गादीवर असलेला पहिला जेम्स स्वतःला बँकोचा वंशज मानत असे, हे एक कारण असणारच. पण रंगमंचाचाही त्यात मोठा फायदा झाला. दोन सेनापती, एकच लढाई जिंकून आलेले, एकाच माळावर त्याच चेटकिणींसमोर उभे. भविष्य दोघांनाही सांगितले जाते. एक दचकतो आणि मनातल्या मनात हरवतो. दुसरा मोकळेपणाने प्रश्न विचारतो. मॅकबेथ कोण आहे, हे आपल्याला बँकोमुळे कळते.

‘ऑथेल्लो’ची मूळ गोष्ट इटालियन लेखक चिंथिओची, १५६५ मध्ये छापलेली. तिथला निशाणबरदार नायिकेवर भाळलेला असतो; ती दाद देत नाही म्हणून सूड उगवतो. शेक्सपिअरने हे सोपे कारण पार मागे ढकलले. त्याच्या इयागोला बढती मिळालेली नाही, हवी ती जागा कॅसिओला गेली आहे. शिवाय आपल्या बायकोचे ऑथेल्लोशी संबंध होते, असा त्याला संशय आहे. म्हणजे ऑथेल्लोला जो आजार तो लावणार आहे, तो आधी त्याच्याच अंगात आहे. दोघे शिपाईगडी, दोघे नवरे, दोघे संशयाने पोखरलेले. या दोन भूमिकांची तालीम सुरू करायची ती इथून.

एक प्रवेश जवळून

तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश हा या नाटकाचा गाभा. प्रवेश सुरू होतो तेव्हा ऑथेल्लो सुखी नवरा असतो आणि संपतो तेव्हा बायकोला मारायला निघालेला असतो. हे घडते ते नुसत्या बोलण्याने.

कॅसिओ डेस्डेमोनाशी बोलून घाईने निघून जातो. इयागो स्वतःशीच बोलल्यासारखे काहीतरी पुटपुटतो. ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? काही नाही, असे उत्तर येते. थोड्या वेळाने इयागो सहज विचारावे तसे विचारतो, तुमचे प्रेम जमत होते तेव्हा कॅसिओला ते माहीत होते का? आणि मग ऑथेल्लो जे जे विचारेल, त्यातलाच शब्द इयागो त्याला परत करतो. हा माझ्या बोलण्याचा प्रतिध्वनी होतो आहे, हे ऑथेल्लोच्या लक्षातही येते.

इथे मुलांनी पेन्सिल घेऊन बसावे. प्रत्येक वाक्याला खूण करावी: प्रश्न कोण विचारतो, उत्तर कोण देतो, वाक्य कोण अर्धे सोडतो. हुकूम देणारा सेनापती प्रश्न विचारणारा झालेला दिसेल आणि हाताखालचा माणूस उत्तरे अडवून धरताना दिसेल. हुद्दे तेच राहतात, सत्ता मात्र हातातून निसटते. हे एकदा कागदावर दिसले की इयागोला तिरके हसायची गरज उरत नाही. त्याने फक्त थांबायचे, आणि आपल्याला बोलायचे नाही असे दाखवायचे. ऑथेल्लोने ऐकायचे. या प्रवेशातला अवघड अभिनय ऐकणाऱ्याचा आहे.

पुढे डेस्डेमोना येते, नवऱ्याचे डोके दुखते म्हणून रुमाल बांधू पाहते, तो तिचा हात बाजूला सारतो आणि रुमाल खाली पडतो. ऑथेल्लोच्याच हाताने पडलेला रुमाल पुढे तिच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. हा क्षण दिग्दर्शकाने घाईत उरकू नये. रुमाल पडताना प्रेक्षकाला दिसला पाहिजे आणि त्या दोघांना दिसता कामा नये.

प्रवेशाच्या शेवटी ऑथेल्लो गुडघे टेकून सुडाची शपथ घेतो आणि इयागोही त्याच्या शेजारी गुडघे टेकतो. लग्नात जोडप्याने घ्यावी तशी ही शपथ आहे. उंची, हुद्दा, चाल यांतून इतका वेळ दाखवलेला फरक इथे पुसला जातो. दोघे एका रेषेत येतात, म्हणून आधीचा फरक नेमका असावा लागतो.

प्रेक्षक कोणाच्या बाजूला?

दोघांमधला आणखी एक फरक संहितेतच आहे, पण तो वाचताना हातून सुटतो. इयागो सुरुवातीपासून स्वगते बोलतो; आपला बेत आपल्याला विश्वासात घेऊन सांगतो. ऑथेल्लोला असे एकांतातले बोलणे या तिसऱ्या प्रवेशापर्यंत मिळतच नाही. म्हणजे एकाची प्रेक्षकांशी दोस्ती आहे, दुसरा आपल्याच जगात बंद आहे. ब्लॉकिंग करताना याचा थेट उपयोग होतो. इयागोची नजर बिनधास्त प्रेक्षागृहात जाऊ द्यावी. ऑथेल्लोची नजर विषाची पहिली मात्रा चढेपर्यंत रंगमंचाबाहेर जाऊ देऊ नये.

आवाजाचा आलेखही संहितेत आखलेला आहे. ऑथेल्लोची भाषा आरंभी भरदार, लांब पल्ल्याची आणि पद्यात वाहणारी असते. चौथ्या अंकात ती तुटक गद्यात कोसळते, आणि इयागोच्या तोंडची जनावरांची वर्णने त्याच्या तोंडी येऊ लागतात. शेवटी मरताना त्याला आपली भाषा परत सापडते. नाटकात सर्वांत जास्त ओळी बोलणारा इयागो मात्र शेवटी, यापुढे एक शब्दही बोलणार नाही, असे सांगून तोंड मिटतो. नटाला यापेक्षा स्पष्ट नकाशा कोण देणार?

मराठीत बोलताना

मराठीला हे नाटक नवे नाही. महादेव गोविंदशास्त्री कोल्हटकरांचे ‘ऑथेल्लो’ १८६७ चे. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये त्याचा ‘झुंझारराव’ केला. वि. वा. शिरवाडकरांनीही ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले. संहिता निवडताना दोन-तीन भाषांतरांतला हाच प्रवेश मोठ्याने वाचून पाहावा. ज्यात दोन माणसे दोन तऱ्हांनी बोलतात, ते भाषांतर घ्यावे.

स्वतः रूपांतर करणाऱ्यांनी एक मोह कटाक्षाने टाळावा: खलनायकाला गावरान बोली आणि नायकाला प्रमाण मराठी. बोलीला दुष्टपणा चिकटवणे हा त्या बोलीवरचा अन्याय आहे, आणि कलेच्या दृष्टीनेही ती पळवाट आहे. फरक वाक्याच्या घडणीत आणावा. ऑथेल्लोने वाक्य पूर्ण करावे, इयागोने सोडून द्यावे. ज्याला तो लुबाडतो त्या रॉड्रिगोशी बोलताना इयागो ‘अरे-तुरे’वर येईल, सेनापतीसमोर ‘आपण’ म्हणेल. माणूस तोच, पण समोरचा बदलला की जीभ बदलते. ऑथेल्लो मात्र सगळ्यांशी सारखाच बोलतो आणि तिथेच तो फसतो.

आजच्या काळात आणताना

आधुनिक रूप द्यायचे म्हणजे नुसती जीन्स घालायची नव्हे. २०१३ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरसाठी निकोलस हायटनर यांनी हे नाटक आजच्या लष्करी छावणीत नेले. सायप्रसची छावणी, गणवेश, बराकी. एकमेकांवर विश्वास ठेवल्याशिवाय जगताच येत नाही अशी ती जागा, त्यामुळे सहकाऱ्यावरचा आंधळा विश्वास खरा वाटला. २०१५ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीत इक्बाल खान यांच्या दिग्दर्शनाखाली लुशियन मसमाटी हा कृष्णवर्णीय नट इयागो झाला, त्या कंपनीत पहिल्यांदाच. ह्यू क्वार्शी यांचा ऑथेल्लोही कृष्णवर्णीय. कातडीच्या रंगाचा हुकमी फरक काढून घेतल्यावर दोन पात्रांमधले बाकीचे फरक शोधावे लागतात.

आपल्याकडे चेहऱ्याला काळा रंग फासून ऑथेल्लो उभा करू नये. तो अपमान आहे आणि त्याने काही कळतही नाही. ऑथेल्लो शूर म्हणून हवा असतो, जावई म्हणून नको असतो. ही वेदना आपल्या समाजात कुठे आहे, हे मुलांना सांगावे लागत नाही. विशाल भारद्वाज यांच्या ‘ओंकारा’ने (२००६) ती उत्तर प्रदेशातल्या जातीच्या वास्तवात नेली, सेनेतली बढती राजकीय टोळीतल्या वारसदारीत आणली आणि रुमालाच्या जागी कमरबंध ठेवला. रुमालाऐवजी मोबाइल आणू पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. ती वस्तू नवऱ्याने दिलेली पहिली भेट असली पाहिजे आणि अंगाला लागलेली असली पाहिजे.

संघात मुली जास्त असतील, तर तीही संधीच आहे. २०१२ मध्ये फिलिडा लॉइड यांनी लंडनच्या डॉनमार वेअरहाउसमध्ये ‘ज्युलिअस सीझर’ केवळ स्त्रियांना घेऊन केले. नाटक घडते ते स्त्रियांच्या तुरुंगात. आणि ‘ऑथेल्लो’तच चौथ्या अंकाच्या शेवटी डेस्डेमोना आणि इयागोची बायको एमिलिया यांचा शांत प्रवेश आहे. नवऱ्याशी कोणी बेइमानी करू शकते का, यावर दोघी बोलतात. एकीला कल्पनाच करवत नाही, दुसरी जग पाहिलेली. दोघींचेही नवरे त्यांच्यावर संशय घेतात. एकांकिका म्हणून एवढा प्रवेशही पुरेल.

तालमीत काय करावे?

एलिझाबेथच्या काळातल्या नटाला पूर्ण नाटक मिळत नसे. स्वतःची वाक्ये आणि त्याआधीचे दुसऱ्याचे शेवटचे काही शब्द, एवढेच. त्या काळचा नट एडवर्ड ॲलिन याची अशी एक गुंडाळी लंडनच्या डलिच कॉलेजात जपलेली आहे. आपल्या नाटक मंडळ्यांतही नट अशीच फक्त आपल्या भूमिकेची ‘नक्कल’ पाठ करत. तालमीत एक दिवस हे करून पाहावे. ऑथेल्लोच्या नटाला फक्त त्याची नक्कल द्यावी. समोरचा काय बोलणार ते ठाऊक नसले, की त्याला ऐकावेच लागते.

दुसरे काम अदलाबदलीचे. भूमिकावाटप उशिरा करावे. सुरुवातीच्या वाचनांत प्रत्येक जोडीने दोन्ही बाजू वाचाव्यात आणि दोन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: या दोघांना कोणती एक गोष्ट सारखीच हवी आहे? आणि ती मिळवण्यासाठी यातला एक जण काय करतो, जे दुसरा कधीच करणार नाही? पहिल्या उत्तरातून साम्य निघते, दुसऱ्यातून विरोध. हॅल आणि हॉटस्पर दोघांना मान हवा असतो. ब्रुटस आणि अँटनी दोघांना सीझरच्या त्याच मृतदेहासमोर तीच गर्दी जिंकायची असते, त्यात ब्रुटस गद्यात मुद्दे मांडतो आणि अँटनी पद्यात माणसांना हलवतो. पोशाख, प्रकाश आणि संगीत यांचे निर्णय ही उत्तरे मिळाल्यावरच घ्यावेत.

विशीतल्या मुलांनी हे नाटक का करावे, असे कोणी विचारले तर माझे उत्तर सरळ आहे. ज्याची बाजू आपल्याला पटत नाही, त्याचे वाक्य प्रामाणिकपणे, त्याच्या जागी उभे राहून बोलण्याची सवय रंगमंचाइतकी दुसरीकडे कुठे लागत नाही. इयागो करणाऱ्या मुलाला संशय आतून कसा वाढतो ते कळते आणि ऑथेल्लो करणाऱ्याला चांगला माणूस कसा ढासळतो ते कळते. म्हणून दोन्ही भूमिका दोघांनाही वाचायला द्या, मग करंडक मिळो वा न मिळो.