टॅब दाबला की उत्तर कोण देतं?

इंटरनेटवरून फाइल आणायची असो वा पाठवायची असो, जगभरचे प्रोग्रॅमर कर्ल नावाच्या एका प्रोग्रॅमकडे वळतात. १९९८ साली तो आला तेव्हा त्याला जेमतेम दोन डझन ऑप्शन होते. आज ते अडीचशेच्या वर गेले आहेत. ऑप्शन म्हणजे दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून एक इंग्रजी शब्द. असे अडीचशे शब्द अचूक स्पेलिंगसकट कुणाच्या डोक्यात राहत नाहीत, आणि राहायला हवेत असंही नाही. अर्धा शब्द लिहावा, टॅबची कळ दाबावी आणि उरलेला शब्द पडद्यावर उमटावा, ही सोय त्यासाठीच आहे. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी टर्मिनलसमोर पहिल्यांदा बसतो, तेव्हा माझ्या मते त्याला सगळ्यात आधी हीच कळ दाखवायला हवी. शब्द आठवून लिहिण्यापेक्षा समोर आलेला ओळखणं कितीतरी सोपं असतं. मानसशास्त्राचे प्रयोग हे अनेक वर्षं सांगत आले आहेत.

अर्ध्या शब्दाची अशी पूर्ती करण्याची कल्पना युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या घरातली नव्हे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज शहरात बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन ही कंपनी होती. तिथे १९७०च्या आसपास पीडीपी-१० या संगणकासाठी टेनेक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम तयार झाली. आज्ञेची पहिली काही अक्षरं लिहून एस्केप दाबलं की बाकीची अक्षरं टेनेक्स स्वतः भरायची. टर्मिनलवर लिहिलेल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. पुढे केन ग्रीअर यांनी ही सोय युनिक्सवरच्या, बर्कलीच्या सी शेलमध्ये आणली. त्यातून जो शेल घडला त्याचं नाव टीसीशेल, आणि त्यातला ‘टी’ टेनेक्सचा.

युनिक्समध्ये हे घडवून आणण्यात एक अडचण होती. आपण टर्मिनलवर लिहितो ती ओळ एरवी कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतःजवळ धरून ठेवतो आणि एंटर दाबल्यावरच प्रोग्रॅमच्या हाती देतो. म्हणजे अर्ध्या ओळीत टॅब दाबला तर शेलला त्याचा पत्ताच लागणार नाही. म्हणून आजचा शेल ओळ वाचताना कर्नलची ही पद्धत बंद करतो आणि दाबलेली प्रत्येक कळ तत्क्षणी स्वतःकडे घेतो. बॅश या शेलसाठी हे काम रीडलाइन नावाची लायब्ररी करते.

टॅब दाबल्यावर रीडलाइन जुळणारी नावं गोळा करते. एकच सापडलं तर ते पूर्ण लिहून पुढे मोकळी जागा सोडते. अनेक सापडली तर सगळ्यांच्या सुरुवातीचा जितका भाग समान असेल तितकाच भरते, आणि पुन्हा टॅब दाबल्यावर यादी मांडते. फाइलींच्या बाबतीत हे सोपं आहे, कारण फोल्डरमध्ये काय आहे ते शेलला स्वतःच पाहता येतं. ऑप्शनचं तसं नाही. कर्लला कोणते ऑप्शन चालतात हे फक्त कर्ललाच ठाऊक. तेव्हा उत्तर द्यायचं कुणी, हा या विषयातला खरा प्रश्न आहे.

बॅशने २००० साली, २.०४ या आवृत्तीत, आपल्या बाजूने दार उघडलं. अमुक प्रोग्रॅमच्या ओळीत टॅब दाबला गेला तर अमुक फंक्शनला विचार, असं शेलला सांगून ठेवता येऊ लागलं. हे जवळून पाहण्यासारखं आहे. समजा, तुम्ही पर्जन्यमापकांच्या नोंदी वाचणारा ‘पाऊस’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला तालुका, तारीख आणि तपशील असे तीन ऑप्शन दिले. वापरणाऱ्याने दोन रेघा आणि ‘ताल’ इतकं लिहून टॅब दाबला. बॅश तुमच्या फंक्शनला तोवर लिहिलेल्या शब्दांची यादी देतो, कर्सर कितव्या शब्दावर आहे ते सांगतो आणि उत्तरासाठी एक रिकामी यादी पुढे ठेवतो. कॉम्पजेन ही बॅशचीच आज्ञा तीन ऑप्शनमधून ‘ताल’ने सुरू होणारे गाळून देते, ते त्या यादीत भरायचे, झालं. आधीचा शब्द ‘तालुका’ हा ऑप्शन असेल तर आता ऑप्शन सुचवून उपयोग नाही. तिथे मावळ, मुळशी, भोर अशी नावं यायला हवीत. एवढं सगळं दहाबारा ओळींत बसतं.

फसगत होते ती बरोबरच्या चिन्हापाशी. ऑप्शन, बरोबरचं चिन्ह आणि ‘मावळ’सारखं मूल्य आपण अनेकदा सलग लिहितो, पण बॅश त्या चिन्हापाशी शब्द तोडतो आणि फंक्शनला एकाऐवजी तीन तुकडे मिळतात. ‘आधीचा शब्द’ म्हणून ऑप्शनऐवजी नुसतं बरोबरचं चिन्ह हाती येतं. ते हाताळलं नाही तर मूल्यांची पूर्ती मुकाट्याने बंद पडते.

देवनागरीत आणखी एक गोष्ट दिसते. युनिकोडमध्ये व्यंजन आणि त्याची मात्रा ही दोन वेगळी चिन्हं आहेत. तालुका आणि तीव्रता यांची सुरुवात आपल्या डोळ्यांना वेगळी दिसते, पण शेलच्या हिशेबी दोन्हींत ‘त’ समान आहे, म्हणून तो नुसता ‘त’ भरून थांबतो. त्याही खाली उतरलं तर यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि सगळ्यांचा पहिला बाइट एकच असतो. बाइट मोजत समान भाग काढला तर ‘अ’ आणि ‘क’ यांचेही पहिले दोन बाइट जुळतात, आणि पडद्यावर मोडकं चिन्ह उमटेल. म्हणून तुलना चिन्हांची करावी लागते, बाइटांची करून चालत नाही. मराठीत ऑप्शन असलेले प्रोग्रॅम आज दुर्मीळ आहेत, पण त्यांची वाट या यंत्रणेने अडवलेली नाही, हे मला मोलाचं वाटतं.

पण दहाबारा ओळींच्या त्या फंक्शनमध्ये एक दोष मुळातच आहे. ऑप्शनची यादी दोन ठिकाणी राहते, एक प्रोग्रॅममध्ये आणि एक फंक्शनमध्ये. प्रोग्रॅममध्ये नवा ऑप्शन येतो, फंक्शन तसंच राहतं, आणि वापरणाऱ्याला तो ऑप्शन अस्तित्वातच नाही असं वाटतं. यावरचा उपाय म्हणजे प्रोग्रॅमलाच विचारणं. कर्लच्या बाबतीत झेडशेल आणि फिश या शेलसाठीच्या याद्या त्याच्याच ऑप्शनच्या माहितीतून एक स्क्रिप्ट तयार करते. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या प्रोग्रॅममध्ये तर आतला एक खास ऑप्शन आहे. तो दिला की गिट आपल्या उपआज्ञेचे सगळे ऑप्शन शेलला वाचता येतील असे छापून देतं. गो भाषेतली कोब्रा लायब्ररी वापरणाऱ्या प्रोग्रॅमना अशी छुपी उपआज्ञा आयतीच मिळते.

इथे एक धोका आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. प्रोग्रॅमला विचारायचं म्हणजे टॅब दाबताच तो चालवायचा. पायथॉनची आर्गकम्प्लीट ही लायब्ररी तेच करते: प्रोग्रॅम सुरू होतो, ऑप्शन वाचायच्या टप्प्यावर पोचतो, यादी देतो आणि थांबतो. त्या टप्प्याच्या आधीच त्याने फाइल पुसली किंवा डेटाबेस उघडला तर? एंटर म्हणजे हुकूम, टॅब म्हणजे नुसती विचारणा, हा वापरणाऱ्याशी झालेला करारच मोडला. म्हणून सगळ्या पायथॉन प्रोग्रॅमसाठी पूर्ती सरसकट चालू केली असेल तेव्हा आर्गकम्प्लीट फाइलीच्या पहिल्या १०२४ बाइटांमध्ये संमतीची एक ठरावीक खूण शोधते. ती नसेल तर त्या फाइलीला हात लावत नाही. ही खबरदारी मला फार योग्य वाटते.

दुसरी अट वेळेची. आयबीएमच्या रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्येच मांडलं होतं की, कळ दाबल्याचा प्रतिसाद सेकंदाच्या दहाव्या भागात मिळायला हवा. पायथॉनचा जड प्रोग्रॅम नुसता सुरू व्हायलाच याहून जास्त वेळ घेऊ शकतो. त्यामुळे ऑप्शनची जुळवणी आधी आणि मोठ्या लायब्ररी नंतर, असा क्रम लावावा लागतो.

दूरचे सर्व्हर हाताळणाऱ्या क्युबकंट्रोलसारख्या अवजारात तर टॅबचं उत्तर प्रोग्रॅमकडेही नसतं. त्या सर्व्हरवर या क्षणी जे जे चालू आहे त्याची नावं नेटवर्कवरून मागवावी लागतात. नेटवर्क रखडलं आणि पूर्ती करणाऱ्या फंक्शनने त्रुटीचा संदेश छापला, तर तो थेट लिहिणाऱ्याच्या अर्धवट ओळीत घुसतो. म्हणून तिथे वेळेची मर्यादा घालावी, त्रुटीचे संदेश बाहेर येऊ देऊ नयेत, आणि उत्तर आलंच नाही तर यादी रिकामी परत करावी.